नंदुरबारचे रोशा तेल आणि त्याची पारख

रोशा तेल हे सातपुड्याच्या उघड्या उतारांवर वाढणाऱ्या एका सुगंधी गवताचे उडनशील तेल आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते काढण्याचा मोठा धंदा पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्यात आणि लगतच्या साक्री तालुक्यात चालत असे. पावसाळा सरत आला की ओढ्याकाठी भट्ट्या लागत, आणि तेथे निघालेले तेल सुरत आणि मुंबईमार्गे तुर्कस्तान आणि युरोपपर्यंत जाई. या तेलाच्या इतिहासात दोन कामे सतत बरोबर चालली: गवतातून तेल वेगळे काढणे, आणि निघालेल्या तेलात काय काय आहे ते ओळखणे. पहिले काम खानदेशच्या भट्टीवाल्यांना उत्तम साधले होते. दुसऱ्यासाठी नाक, जीभ आणि मद्यार्क यांवर भागवावे लागे. पुढे गॅस क्रोमॅटोग्राफी आली आणि एका थेंबातले डझनावारी घटक सुटे करून मोजता येऊ लागले.

गवत माणसाच्या उंचीचे, चांगल्या जमिनीत त्याहूनही उंच होते. पान बुडाशी रुंद असून खोडाला मिठी मारल्यासारखे बसते. ते बोटांत चुरडले की गुलाबाच्या जवळ जाणारा वास येतो, आणि मागे हलकी तिखट झाक राहते. संस्कृत वैद्यकातले रोहिष ते हेच मानतात. मराठीत रोशा, रोहिस ही नावे चालतात. वऱ्हाडात, मेळघाटाकडे त्याला तिखाडी म्हणतात. शास्त्रीय नाव सिम्बोपोगॉन मार्टिनी. हे नाव क्लॉड मार्टिन या फ्रेंच सेनाधिकाऱ्यावरून पडले. टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत दख्खनच्या घाटमाथ्यावर त्याने गुरांना हे गवत आवडीने खाताना पाहिले, बी गोळा केले आणि लखनौला नेऊन लावले. पुढे विल्यम रॉक्सबर्गने त्याच्या नावाने या गवताचे वर्णन केले.

तेलाची माहिती युरोपीय डॉक्टरांच्या लेखनात १८२०च्या दशकात येऊ लागली. कलकत्त्याच्या वैद्यकीय मंडळाच्या वार्षिकात मॅक्सवेल (१८२५) आणि फॉर्सिथ (१८२७) यांनी निमाडच्या गवती तेलावर टिपणे लिहिली. तेव्हा त्याचा मुख्य उपयोग सांधेदुखीवर चोळण्याचा होता. निमाड आणि खानदेश हे सातपुड्याच्या एकाच पट्ट्याचे भाग असल्याने गवत दोन्हीकडे सारखेच होते.

नंदुरबारकडच्या धंद्याचे सर्वांत तपशीलवार वर्णन १८८० साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या खानदेश गॅझेटियरमध्ये आहे. विल्यम डायमॉकने १८९०नंतर आपल्या भारतीय औषधी वनस्पतींच्या ग्रंथात तेच जवळजवळ जसेच्या तसे घेतले. त्यानुसार धंद्याचे मूळ ठिकाण पिंपळनेर. तिकडे गवत विरळ झाल्यावर भट्ट्या नंदुरबार, शहादा आणि तळोदा भागात सरकल्या. गवत सर्वांत जास्त अक्राणीत, म्हणजे आजच्या धडगाव तालुक्याच्या डोंगराळ भागात होते. भट्ट्या चालवणारे कारागीर मुसलमान होते. गवत कापून आणणारे भिल्ल होते. सप्टेंबरच्या सुमारास गवत पिकू लागले की भट्टीवाले त्यांच्याकडून ते विकत घेत, रचून ठेवत आणि जेथे लाकूड आणि वाहते पाणी दोन्ही हाताशी असेल अशा ओढ्याच्या काठी चूल मांडत. कोणत्या उतारावर कसले गवत उभे आहे आणि ते कधी कापायचे, हे कापणाऱ्यांना ठाऊक असे. या धंद्याचे अर्धे कसब त्यांच्या विळ्यात होते, हे मान्य केलेच पाहिजे.

भट्टीची रचना साधी पण विचारपूर्वक केलेली होती. सुमारे चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि अडीच फूट खोल खड्डा खणून त्यात चूल करत. तिच्यावर तांब्याची किंवा लोखंडाची मोठी देग बसवत. तिच्यात ३० ते ५० घागरी पाणी मावे. तळाशी थोडे पाणी घालून ती चिरलेल्या गवताने काठोकाठ भरत आणि वरून पुन्हा थोडे पाणी सोडत. तोंडावर धातूचे झाकण ठेवून फटी गव्हाच्या कणकेने लिंपत. झाकणाच्या भोकातून बांबूची नळी निघे. तिला फडके गुंडाळून, वर उडदाच्या पिठाचा लेप देऊन दोरीने आवळत. उडदाचे पीठ ओले असताना चिकट असते आणि वाळल्यावर घट्ट धरते, म्हणून वाफ निसटत नसे. नळीचे दुसरे टोक गळ्यापर्यंत वाहत्या पाण्यात बुडवलेल्या दुसऱ्या बंद भांड्यात जाई. वाफ तेथे निवून पाणी आणि तेल होई. भांडे भरत आले की ते हलू लागे; हीच कारागिराला खूण. मग नळी बेताने काढून आतला माल तिसऱ्या भांड्यात ओतत आणि ढवळत. तेल हळूहळू वर तरंगू लागे आणि ते निगुतीने काढून घेत. राहिलेले पाणी टाकून देत नसत. नव्या गवताबरोबर ते पुन्हा देगेत घालत.

या पद्धतीतले दोन बारकावे रसायनशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. रोशा तेलातला मुख्य घटक जेरॅनिऑल सुमारे २३० अंश सेल्सियसला उकळतो. नुसते गवत इतके तापवले तर ते करपेल आणि सुगंध जळून जाईल. पण पाणी आणि पाण्यात न मिसळणारे तेल एकत्र तापवले तर दोघांच्या वाफेचा दाब मिळून हवेच्या दाबाइतका होताच मिश्रण उकळते, आणि हे १०० अंशांच्या आतच घडते. त्यामुळे तेल पाण्याच्या वाफेबरोबर अलगद निघून येते. दुसरे असे की जेरॅनिऑल पाण्यात अगदीच विरघळत नाही असे नाही, थोडे विरघळते. दर वेळी पाणी फेकले असते तर तेवढे तेल वाया गेले असते. तेच पाणी पुन्हा देगेत घालण्याची रीत कारागिरांनी अनुभवातून बसवली होती, आणि आजही सुगंधी तेलांच्या कारखान्यांत पाणी असे फिरवून वापरतात.

गॅझेटियरच्या आकड्यांनुसार १८७९-८० साली खानदेशात १९७ भट्ट्या चालू होत्या आणि त्यांतून सुमारे ७१ हंड्रेडवेट, म्हणजे अंदाजे ३,६०० किलो तेल निघाले. त्यांपैकी शंभराहून अधिक भट्ट्या एकट्या नंदुरबारच्या होत्या. तेल चामडी बुधल्यांत भरून बैलांवर लादत. काही माल कोंडाईबारी आणि नवापूरच्या अवघड घाटांतून सुरतेला जाई, काही धुळे आणि मनमाडमार्गे मुंबईला. ताप्ती खोऱ्याची रेल्वे नंदुरबारला येण्यास अजून जवळजवळ वीस वर्षे होती, तेव्हा बैलांवाचून दुसरा उपाय नव्हता.

मुंबईहून हे तेल तांबड्या समुद्रातील बंदरांवर उतरे आणि तेथून अरबस्तानातून कॉन्स्टँटिनोपलला पोचे. तेथे त्याला इद्रिस यागी म्हणत. युरोपीय बाजारात ते तुर्की जिरेनियम तेल या नावाने खपे, जरी जिरेनियमच्या झाडाशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याला मागणी कशासाठी होती, हे त्या काळच्या लेखकांनी लपवले नाही: ते गुलाबाच्या अत्तरात मिसळत. मिसळण्यापूर्वी लिंबाचा रस घातलेल्या पाण्याबरोबर ते हलवत आणि उन्हात ठेवून त्याचा रंग उतरवत. असे केलेले फिकट, मऊ वासाचे तेल बाल्कनमधल्या गुलाबतेलात बेमालूम खपून जाई. काही ठिकाणी तर ते भट्टीत जाण्यापूर्वीच गुलाबाच्या पाकळ्यांवर शिंपडत. म्हणजे अक्राणीच्या डोंगरावरचे गवत जगातल्या सर्वांत महाग अत्तराच्या पोटात जात होते, आणि त्याचे नाव कुठेही येत नव्हते.

खुद्द रोशा तेलातही भेसळ होई. मुंबईत त्यात टर्पेंटाइन, घासलेट किंवा गोडे तेल मिसळल्याच्या तक्रारी त्या काळच्या ग्रंथांत आहेत. आपले तेल शुद्ध आहे हे सिद्ध करायला व्यापाऱ्याकडे फारशी साधने नव्हती. एक चाचणी कागदाची. थेंब कागदावर टाकून ठेवला आणि सुकल्यावर तेलकट डाग राहिला तर त्यात गोडे तेल आहे, कारण रोशा तेल पूर्ण उडून जाते. दुसरी मद्यार्काची. शुद्ध तेल सत्तर टक्के मद्यार्काच्या दीड ते तीन पट आकारमानात स्वच्छ विरघळते. टर्पेंटाइन किंवा घासलेट असेल तर मिश्रण गढूळ होते. याहून पुढचे काम नाकाचे.

रसायनशास्त्राने या तेलाच्या अभ्यासात मोठी उडी घेतली ती १८७१ साली. ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनज्ञाने भारतातून आलेल्या गवती तेलाचे ऊर्ध्वपातन करून त्यातला मुख्य सुगंधी पदार्थ शुद्ध वेगळा केला. जिरेनियम तेल या व्यापारी नावावरूनच त्याला जेरॅनिऑल हे नाव मिळाले. आज साबणापासून अत्तरापर्यंत सर्वत्र वापरला जाणारा हा पदार्थ प्रथम या भारतीय गवतातून हाती आला, ही गोष्ट सुगंधशास्त्राच्या इतिहासात ठळकपणे सांगितली जायला हवी. जेरॅनिऑल हा दहा कार्बन अणूंचा मद्यार्क आहे. शुष्क कॅल्शियम क्लोराइडबरोबर त्याचे घन संयुग होते; ते बाजूला काढून पाण्याने फोडले की शुद्ध जेरॅनिऑल मिळते. त्याची नेमकी रचना अल्बेर व्हेर्ले याने १९१९ साली ठरवली. तेलातले जेरॅनिऑल किती, हे मोजण्यासाठी ते अॅसेटिक अॅनहायड्राइडबरोबर तापवून त्याचा एस्टर करत आणि मग अल्कलीने तो किती फुटतो ते पाहत. या रीतीने चांगल्या तेलात ७५ ते ९५ टक्के एकूण जेरॅनिऑल भरे. पण ही मोजणी एकूण मद्यार्कांची होती. त्यातला कोणता खरा जेरॅनिऑल आणि कोणता दुसराच, हे ती सांगत नसे.

याच टप्प्यावर मोतिया आणि सोफिया यांचा प्रश्न उभा राहिला. खानदेशचे भट्टीवाले सांगत की गवत कोवळे असताना, फुलोरा निळसर पांढरा असताना त्याला मोतिया म्हणावे. ते पिकून तांबडे झाले की सोफिया. मोतियाचे तेल नाजूक वासाचे आणि महाग. सोफियाच्या नुसत्या तेलाला युरोपात भाव नव्हता, म्हणून दोन्ही एकत्र करून विकत. वनस्पतिशास्त्रज्ञ आय. एच. बर्किलने १९०९ साली हे दोन वेगवेगळे प्रकार असल्याचे दाखवले. एकाच गवताची कोवळी आणि पिकली अवस्था, एवढेच ते नव्हते. मोतिया विरळ, कोरड्या, उघड्या उतारांवर वाढतो. सोफिया दाट झुपक्यांनी, ओलसर, सखल जागी. व्यापारात मोतियाचे तेल पामारोझा आणि सोफियाचे जिंजरग्रास या नावाने गेले. प्रकाशध्रुवणमापीतही दोघांत फरक दिसला. पामारोझा ध्रुवित प्रकाशाचे प्रतल जवळजवळ फिरवतच नाही. जिंजरग्रास ते बरेच फिरवते. पण मिश्र तेलात कोणाचा वाटा किती, हे या मापीवरून ठामपणे सांगता येत नसे.

मिश्रणातले घटक सुटे करण्याची नवी वाट वनस्पतींच्याच अभ्यासातून निघाली. मिखाइल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०३ साली वॉर्सा येथे खडूच्या भुकटीने भरलेल्या काचनळीतून पानांचा अर्क ओतला आणि हिरव्या-पिवळ्या रंगद्रव्यांचे वेगवेगळे पट्टे पडताना दाखवले. १९०६मध्ये त्याने या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. १९४१ साली आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी इंग्लंडमध्ये द्रव-द्रव विभाजनाची पद्धत मांडताना त्याच निबंधात लिहून ठेवले की वाहणारा पदार्थ द्रवाऐवजी वायूही असू शकेल. ही सूचना दहा वर्षे तशीच पडून राहिली. मग मार्टिन आणि ए. टी. जेम्स यांनीच १९५२ साली लंडनच्या मिल हिल येथील संशोधन संस्थेत मेदाम्ले अशी वेगळी करून दाखवली. त्याच वर्षी मार्टिन आणि सिंज यांना आधीच्या कामाबद्दल नोबेल मिळाले.

रोशा तेल या पद्धतीसाठी जणू तयारच होते: त्यातले जवळजवळ सर्व काही तापवल्यावर वाफ होते आणि बहुतेक घटक न बिघडता. आजच्या उपकरणात तेलाचा विरळ द्राव सुईतून सुमारे अडीचशे अंशांना तापलेल्या कक्षात सोडतात. तो मायक्रोलिटरभर असतो, आणि त्यातलाही बहुतेक भाग बाहेर सोडून शंभरावा हिस्साच पुढे जाऊ देतात, कारण पुढची नळी फार बारीक आहे. ती वितळलेल्या शुद्ध सिलिकाची असते, साधारण ३० मीटर लांब, आतून पाव मिलिमीटर व्यासाची, आणि भट्टीत गुंडाळून ठेवलेली. आतल्या भिंतीवर सिलिकोनसारख्या द्रवाचा अतिशय पातळ लेप असतो. तिच्यातून हेलियम, हायड्रोजन किंवा नायट्रोजन वाहत असतो. वाफेतला प्रत्येक रेणू कधी वायूबरोबर पुढे जातो, कधी लेपात विरघळून थांबतो. धडगावच्या आठवडे बाजारात एकाच वेळी शिरलेल्या माणसांपैकी ज्याची ओळखीची माणसे जास्त तो दुकानोदुकानी थांबत उशिरा बाहेर पडतो, तसेच लेपाशी ज्याचे जास्त जमते तो रेणू मागे राहतो. थांबण्यातला फरक प्रत्येक वेळी अगदी थोडा असतो; पण ३० मीटरांत तो लाखो वेळा घडतो आणि सुरुवातीचा मिसळलेला लोट वेगवेगळ्या पट्ट्यांत फुटतो.

तापमान स्थिर ठेवले तर हलके घटक भराभर निघून जातात आणि जड घटक रेंगाळतात. म्हणून भट्टी साठेक अंशांपासून सुरू करून मिनिटाला दोन-तीन अंशांनी चढवतात. रोशा तेलाच्या अशा धावेत प्रथम लिमोनीन आणि ओसिमीनसारखे हलके टर्पीन येतात, मग लिनालूल, त्यानंतर बऱ्याच वेळाने जेरॅनिऑलचे प्रचंड शिखर, पुढे त्याचाच एस्टर जेरॅनिल अॅसिटेट, आणि मागाहून कॅरिओफिलीन व फार्नेसॉल. नळीच्या टोकाला हायड्रोजनची छोटी ज्योत असते. घटक तिच्यात जळताना विद्युतभारित कण तयार होतात, त्यांचा सूक्ष्म प्रवाह मोजला जातो आणि कागदावर शिखर उमटते. ज्योतीचा हा शोधक १९५७-५८च्या सुमारास ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत स्वतंत्रपणे तयार झाला. बारीक पोकळ नळीची कल्पना मार्सेल गोले याने त्याच वर्षांत मांडली. शिखराखालचे क्षेत्रफळ मोजले की घटकाचे प्रमाण कळते. चांगल्या मोतिया तेलात जेरॅनिऑल साधारण ७० ते ८५ टक्के, जेरॅनिल अॅसिटेट ५ ते १५ टक्के आणि लिनालूल दोन-चार टक्के असते.

शिखर उमटले म्हणजे पदार्थ ओळखला असे नव्हे. बाहेर येण्याची वेळ उपकरण, नळी आणि तापमान यांप्रमाणे बदलते. एर्विन कोवाच याने १९५८ साली यावर सुंदर तोड काढली. सरळ साखळीच्या हायड्रोकार्बनांना कार्बनसंख्येच्या शंभरपट अंक द्यायचा, दहा कार्बनाला १०००, बारा कार्बनाला १२००, आणि प्रत्येक घटक कोणत्या दोहोंच्या मध्ये पडतो ते मोजायचे. सिलिकोनसारख्या लेपावर लिनालूल सुमारे ११००वर येतो, जेरॅनिऑल १२५५च्या आसपास, जेरॅनिल अॅसिटेट १३८०च्या आसपास. हे अंक पुण्यात आणि झुरिचमध्ये सारखेच राहतात. मेणासारख्या ध्रुवीय लेपाची नळी वापरली तर क्रम उलटतो: मद्यार्क लेपाला जास्त धरून राहतो, म्हणून जेरॅनिऑल आपल्या अॅसिटेटच्या मागून येतो. दोन्ही नळ्यांवर अंक जुळला की ओळख बरीच पक्की होते.

पुढची पायरी वस्तुमान वर्णपटमापीची. १९५०च्या दशकात अमेरिकेत रोलंड गोल्के आणि फ्रेड मॅकलॅफर्टी यांनी ती गॅस क्रोमॅटोग्राफला जोडली. नळीतून येणाऱ्या प्रत्येक घटकावर इलेक्ट्रॉनांचा मारा होतो, रेणू फुटतो आणि तुकड्यांचे वस्तुमान नोंदले जाते. जेरॅनिऑलचा रेणू १५४चा. त्याचा सर्वांत ठळक तुकडा ६९चा. येथे एक अडचण आहे, आणि ती या दोन साधनांची जोडी का लागते ते नेमके दाखवते. नेरॉल हा जेरॅनिऑलचाच जुळा. अणू तेच, जोडणी तीच, फक्त एका दुहेरी बंधाभोवतीची मांडणी उलट. मारा केल्यावर दोघे जवळजवळ सारखेच फुटतात आणि वर्णपटावरून त्यांत निवड करता येत नाही. पण नळीतून नेरॉल जेरॅनिऑलच्या आधी, १२३०च्या आसपास, स्पष्ट वेगळा निघतो. एकट्या वर्णपटाने जे जमत नाही ते वेळेने जमते, आणि एकट्या वेळेने जे जमत नाही ते वर्णपटाने.

या साधनाने खानदेशचा जुना प्रश्नही सुटला. सोफियाच्या तेलात जेरॅनिऑलचे शिखर लहान. तेथे लिमोनीन, कार्व्होन, पेरिलिल मद्यार्क आणि मेंथाडायनॉल गटातले मद्यार्क ठळक दिसतात. मोतियात हे जवळजवळ नसतात. म्हणून एकाच धावेत मिश्र तेल ओळखू येते, आणि अॅसेटिक अॅनहायड्राइडच्या चाचणीत जे सर्व मद्यार्क एकाच आकड्यात मिसळत होते ते येथे एकेकटे उभे राहतात. मात्र भट्टीवाल्यांचे म्हणणे सर्वस्वी चूक होते असेही नाही. गवताच्या वयाप्रमाणे तेल बदलते, हे त्यांचे निरीक्षण खरे ठरले. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेत २०००च्या सुमारास झालेल्या अभ्यासांत दिसले की मोतियाच्या कोवळ्या फुलोऱ्यात जेरॅनिल अॅसिटेटचे प्रमाण बरेच असते, आणि फुलोरा वाढत जातो तसे एका विकराच्या साहाय्याने त्याचे जेरॅनिऑल होत जाते. अॅसिटेटचा वास फळासारखा, जेरॅनिऑलचा गुलाबासारखा. म्हणजे कापणी आठवडाभर मागेपुढे झाली तरी सुगंधाचा तोल हलतो. सप्टेंबरमध्ये गवत पिकू लागताना भट्टी लावण्याची खानदेशची रीत या दृष्टीने अगदी योग्य वेळ साधणारी होती.

भेसळीच्या बाबतीत उपकरणाची ताकद आणि मर्यादा दोन्ही रोशा तेलात दिसतात. टर्पेंटाइन असेल तर धावेच्या अगदी सुरुवातीला पायनीनचे शिखर येते, जे शुद्ध तेलात नगण्य असते. घासलेट असेल तर सरळ साखळीच्या हायड्रोकार्बनांची समान अंतरावरची रांग उभी राहते. पण भुईमुगाचे तेल मिसळले असेल तर ज्योतीला त्याचा पत्ताच लागत नाही. ते वाफ होत नाही, सुईच्या कक्षात किंवा नळीच्या तोंडाशीच चिकटून राहते, आणि उरलेल्या घटकांची टक्केवारी जशीच्या तशी दिसते. अशा तेलासाठी आजही कागदावरच्या डागाची जुनी चाचणी घेणे शहाणपणाचे, किंवा मग ठराविक वजनाचा माहितीचा पदार्थ मिसळून प्रत्यक्ष वजन मोजावे लागते.

महाराष्ट्रात या शास्त्राला बळ मिळाले ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून. ३ जानेवारी १९५० रोजी तिचे उद्घाटन झाले. सुख देव आणि एस. सी. भट्टाचार्य यांच्या गटांनी तेथे भारतीय वनस्पतींतील टर्पीनांवर जे काम केले त्याची जगभर दखल घेतली गेली, आणि १९६०च्या दशकातल्या त्यांच्या निबंधांत वायू-द्रव क्रोमॅटोग्राफी हे रोजचे साधन झालेले दिसते.

तोवर नंदुरबारच्या भट्ट्यांचे दिवस सरले होते. याची कारणे एकापेक्षा जास्त आहेत. १८७८च्या वन कायद्यानंतर जंगले राखीव होत गेली, आणि भट्टीला लागणारे गवत आणि लाकूड दोन्ही सरकारी परवानगीखाली आले. विसाव्या शतकात तेलाची मोठी केंद्रे निमाड, बैतूल, मेळघाटाकडे राहिली आणि पुढे शेतात लावलेल्या रोशाने जंगलातल्या गवताला मागे टाकले. जावातल्या सिट्रोनेला गवतातूनही जेरॅनिऑल स्वस्तात निघू लागले. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत टर्पेंटाइनमधल्या पायनीनपासून जेरॅनिऑल कारखान्यात बनू लागले, तेव्हा साबणाच्या सुगंधासाठी डोंगरावरून गवत आणण्याची गरजच कमी झाली. ज्या टर्पेंटाइनची एकेकाळी रोशा तेलात भेसळ होई, त्याच्यापासूनच त्याचा मुख्य घटक तयार होऊ लागला.

कारखान्यातले जेरॅनिऑल आणि गवतातले जेरॅनिऑल रेणू म्हणून सारखेच. नळी त्यांना वेगळे करत नाही, वर्णपट करत नाही. फरक राहतो तो कार्बनमध्ये. निसर्गात कार्बनचे बहुतेक अणू १२ वस्तुमानाचे, सुमारे एक टक्का १३चे. हवेतून कार्बन घेताना वनस्पती जड अणू थोडे टाळते, आणि किती टाळते हे तिच्या प्रकाशसंश्लेषणाच्या मार्गावर अवलंबून असते. ऊस, मका, ज्वारी आणि रोशा यांसारखी गवते ज्या मार्गाने जातात त्यात हा भेद कमी होतो. गुलाब आणि पाइन वृक्ष यांच्यात जास्त होतो. म्हणून रोशाचे जेरॅनिऑल १३ वस्तुमानाच्या कार्बनने किंचित जास्त समृद्ध असते. हे मोजण्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफने आधी जेरॅनिऑल बाकी सर्वांपासून सुटे करावे लागते. मग ते जळून कार्बन डायऑक्साइड होते आणि समस्थानिकांचे गुणोत्तर मोजले जाते. २०१३ साली इटलीतल्या संशोधकांनी दमास्क गुलाबाच्या बाजारी तेलांतले हे समस्थानिकांचे गुणोत्तर तपासले आणि त्यातून रोशासारख्या गवती तेलाची भेसळ पकडता येते असे दाखवले. कॉन्स्टँटिनोपलचे व्यापारी उन्हात रंग उतरवून जो फरक पुसत होते तो अणूंच्या पातळीवर टिकून राहिलेला असतो. सिट्रोनेलाही त्याच मार्गाचे गवत असल्याने रोशा आणि सिट्रोनेला यांच्यात मात्र ही मोजणी पुरेशी निवड करत नाही. तेथे सिट्रोनेलाल आणि सिट्रोनेलॉल यांची शिखरे पाहावी लागतात. सिट्रोनेला तेलात ती मोठी असतात, आणि मोतिया रोशात जवळजवळ नसतात.